शेक आणि मालिश : कोरड्या डोळ्यांवरच्या एका जुन्या उपायाची गोष्ट

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांतून सारखे पाणी येते आणि तुम्ही म्हणता डोळे कोरडे झालेत. हे कसे काय?"

हा प्रश्न दवाखान्यात फार वेळा येतो. त्याच्या मागोमाग दुसराही येतो. "गरम पाण्याचा शेक आणि मालिश? एवढेच? एखादे चांगले ड्रॉप लिहून द्या ना." शेक म्हटले की तो आजीच्या बटव्यातला उपाय वाटतो आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव नसले की काही राहून गेल्यासारखे वाटते. परिणाम असा होतो की बहुतेक जण शेक दोन-तीन दिवस करतात, नंतर कंटाळतात आणि महिन्याभराने तीच तक्रार घेऊन परत येतात.

म्हणून आज या उपायाचा इतिहासच तुमच्यासमोर मांडतो. शेकाने बरे वाटते हे माणसाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. का बरे वाटते हे मात्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत नीट कळले. ते कारण समजले की शेक किती वेळ घ्यायचा, किती गरम घ्यायचा आणि मधेच का सोडायचा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

आधी पापणीची ओळख

आरशासमोर उभे राहून खालची पापणी हलकेच ओढून पाहा. केसांच्या ओळीच्या आत, डोळ्याला टेकणाऱ्या कडेवर, बारीक ठिपक्यांची एक रांग दिसेल. ही तेलग्रंथींची तोंडे आहेत. या ग्रंथी पापणीच्या आत उभ्या, एकमेकींना लागून असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. आपण पापणी मिटतो तेव्हा त्यांच्यावर दाब येतो आणि तेलाचा अगदी बारीक थेंब कडेवर येतो. पुढच्या उघडझापीत तो डोळ्यावर पसरतो.

डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सतत असतो. हे तेल त्या थरावर सायीसारखे बसते आणि खालचे पाणी उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडले किंवा घट्ट झाले की पाणी लवकर उडते, डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडतो, चुरचुरतो. मग मेंदू मुख्य अश्रुग्रंथीला हुकूम सोडतो आणि एकदम भरपूर पाणी येते. पण त्यावर तेलाची साय नसल्यामुळे ते गालावर ओघळते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. पाणी येऊनही डोळे कोरडे कसे, याचे उत्तर हे आहे.

सुश्रुत आणि सेल्सस

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांतले २१ एकट्या पापणीचे, म्हणजे 'वर्त्मगत' रोग आहेत. पापणीला एवढे महत्त्व देणारे दुसरे प्राचीन वैद्यकशास्त्र शोधावे लागेल. पापणी उलटून तिचा आतला भाग खरवडायचा असेल, तर आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने ती शेकावी असे तिथे सांगितले आहे. 'अंजननामिका' म्हणजे आपली रांजणवाडी. तिच्यासाठी आधी स्वेदन म्हणजे शेक, ती फुटली की दाबून आतला स्राव काढणे आणि मग लेप, असा क्रम दिला आहे.

हा क्रम लक्षात ठेवा : आधी उष्णता, मग दाब. तो पुन्हा येणार आहे.

इथे एक सावधगिरी हवी. सुश्रुताने 'शुष्काक्षिपाक' नावाचा कोरड्या डोळ्यांचा विकारही वर्णन केला आहे. त्यावरून आजचे निदान त्याला जसेच्या तसे माहीत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. ते बरोबर नाही. त्याची मांडणी दोषांच्या भाषेत आहे आणि पापणीतल्या तेलग्रंथींचा तिथे विचार नाही. त्याचे खरे श्रेय निरीक्षणाचे आहे. पापणी शेकून मऊ करता येते आणि तिच्यात अडकलेले बाहेर काढता येते हे त्याने पाहिले आणि पद्धतशीर लिहून ठेवले.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस या लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही रांजणवाडी आहे. पापणीवरची ती पुळी जवाच्या दाण्यासारखी दिसते म्हणून ग्रीक लोक तिला जवाच्याच नावाने ओळखत. आजही डॉक्टर तिला 'हॉर्डिओलम' म्हणतात आणि त्या शब्दातही जवाचा दाणाच आहे. सेल्ससचा उपाय होता गरम पावाने किंवा गरम केलेल्या मेणाने शेकणे. कापड लगेच निवते. पाव आणि मेण उष्णता जास्त वेळ धरून ठेवतात. हे त्या काळच्या लोकांनी अनुभवातून हेरलेले दिसते.

आपल्याकडे आई पदराचा बोळा करून त्यावर तोंडाने फुंकर मारते आणि मुलाच्या डोळ्यावर ठेवते. तळहातावर बोट घासून ते रांजणवाडीला लावणारेही तुम्ही पाहिले असतील. इंग्लंडमधल्या घरांत लाकडी चमच्याला कापूस गुंडाळून, तो गरम पाण्यात बुडवून त्याची वाफ डोळ्याजवळ घेण्याची रीत होती. आपल्या मागच्या पिढीत कोमट पाण्यात बोरिक पावडर घालून कापसाने शेकायची पद्धत घरोघर होती. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी काम एकच चालले होते.

१६६६ : ग्रंथींना नाव मिळाले

जर्मनीत हेल्मश्टेट इथल्या विद्यापीठात हाइनरिश मायबोम नावाचे वैद्य होते. १६६६ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याला उद्देशून पत्राच्या रूपात एक छोटा लेख प्रसिद्ध केला आणि पापणीतल्या या ग्रंथींचे सविस्तर वर्णन केले. त्यांचेच नाव ग्रंथींना चिकटले आणि आजही आपण त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतो.

ग्रंथी सापडल्या, पण त्या नेमके काय काम करतात हे कळायला पुढची तीन शतके जावी लागली. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. त्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर अंधत्व आणणारे आजार उभे होते : मोतीबिंदू, खुपरी, देवी, नवजात बाळांच्या डोळ्यांतला पू. खुपरीने तर पापण्या आतून वळून केस बुब्बुळावर घासत आणि माणूस आंधळा होई. भारतात हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते २०२४ मध्ये. अशा आजारांपुढे "डोळे चुरचुरतात" या तक्रारीकडे कोण लक्ष देणार?

पापणीची कड लाल होणे, तिथे खवले येणे, सकाळी केस चिकटणे, याला ब्लेफरायटिस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर मुख्यतः मलमे वापरली जात. पाऱ्यापासून बनवलेले पिवळे मलम फार प्रसिद्ध होते. जर्मनीतल्या वीसबाडेनच्या पागेनश्टेशर या नेत्रवैद्यांच्या नावाने ते ओळखले जाई. सगळे लक्ष वरच्या त्वचेवर होते. आतली तुंबलेली ग्रंथी मलमाच्या आवाक्याबाहेर होती.

१९०८ मध्ये आन्टोन एल्शनिग यांनी डोळ्यांच्या जुनाट लालीचा संबंध या ग्रंथींशी जोडला आणि त्या दाबून रिकाम्या करण्याचा उपचार मांडला. १९२१ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड गिफर्ड यांनी याच विषयावर लेख लिहून मायबोमियन ग्रंथींकडे लक्ष वेधले. मालिश हा शब्द इथे शास्त्रीय कारणासह आला. तरीही हा विचार थोड्याच डॉक्टरांपुरता राहिला.

"कोरडे म्हणजे पाणी कमी"

त्याच सुमारास दुसरा एक विचार जोर धरत होता. १९०३ मध्ये ओटो शिर्मर यांनी टिपकागदाच्या पट्टीने अश्रू मोजण्याची साधी चाचणी दिली. ती आजही वापरात आहे. १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सांधेदुखी एकत्र असलेल्या स्त्रियांचा अभ्यास आपल्या प्रबंधात मांडला. त्या आजाराला आज त्यांचेच नाव आहे. या रुग्णांत अश्रुग्रंथी खरोखरच पाणी कमी तयार करते.

शोध मोलाचा होता, पण त्याचा एक उलटा परिणाम झाला. कोरडा डोळा म्हणजे पाणी कमी, हे समीकरण पक्के झाले. पाणी कमी असेल तर वरून पाणी घाला, म्हणजेच कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप. ज्यांच्या डोळ्यांत पाणी पुरेसे आहे पण तेल नाही, ते या हिशेबात बसतच नव्हते. टिपकागद त्यांना "नॉर्मल" म्हणत होता आणि त्यांचे डोळे जळतच होते.

हे चित्र बदलले ते तेलाचे काम सिद्ध झाल्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यात यूजीन वोल्फ यांनी अश्रूंचा थर तीन पदरी असल्याचे मांडले : खाली चिकट श्लेष्मल पदर, मध्ये पाणी आणि वर तेल. १९६१ मध्ये मिशिमा आणि मॉरिस या संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवरचा तेलाचा पदर काढून बाष्पीभवन मोजले, तेव्हा ते कित्येक पटींनी वाढलेले दिसले. म्हणजे वरचे झाकण गेले की भांडे भरलेले असूनही रिकामे होते.

१९८० : तुंबलेल्या ग्रंथी

पुढचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. कॉन्टॅक्ट लेन्स लोकप्रिय झाल्या आणि काही जणांना त्या अजिबात सहन होईनात. डोळा तपासला तर वरून सगळे ठीक दिसे. अमेरिकेत डोनाल्ड कोर्ब आणि अँटोनिओ हेन्रिकेझ यांनी अशा लोकांच्या पापण्या दाबून पाहिल्या. ग्रंथींची तोंडे मृत पेशी आणि घट्ट तेलाच्या बुचांनी बंद झाली होती. १९८० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि 'मायबोमियन ग्लँड डिसफंक्शन' हे नाव रूढ झाले. मराठीत सांगायचे तर पापणीच्या तेलग्रंथींचे काम बिघडणे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पापणी लाल नसतानाही ग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. निरोगी ग्रंथीतून गोडेतेलासारखा स्वच्छ थेंब येतो. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ द्रव येतो किंवा टूथपेस्टसारखा घट्ट तंतू. काही ग्रंथींतून काहीच येत नाही.

२०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका कार्यगटाने या विषयाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. कोरड्या डोळ्यांचे जगातले सर्वांत मोठे कारण बहुधा हेच असावे, असे त्यात म्हटले आहे. मायबोम यांच्या पत्रापासून इथे यायला ३४५ वर्षे लागली.

शेक नेमके काय करतो

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते. आपण ती उन्हात ठेवतो किंवा गरम पाण्यात धरतो. नुसती दाबून तेल येत नाही आणि नुसती गरम करून आडवी ठेवली तरी ते आपोआप हातावर येत नाही. आधी वितळवायचे, मग काढायचे. पापणीतही हेच आहे. ग्रंथी बिघडली की तिच्यातले तेल नेहमीपेक्षा जास्त तापमानाला वितळणारे बनते. पापणीचे रोजचे तापमान त्याला पुरत नाही. ते पातळ करायला आतल्या बाजूपर्यंत सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचावी लागते.

घरच्या शेकाचे गणित इथे चुकते. ओले कापड दोन मिनिटांत निवते. २००८ मध्ये कोर्ब यांच्याच सहकाऱ्यांनी पापणीच्या आतले तापमान मोजून दाखवले की सुमारे ४५ अंशांचा शेक दर दोन मिनिटांनी बदलत निदान चार मिनिटे दिला, तरच आतपर्यंत पुरेशी उष्णता जाते. "मी शेक केला, काही फरक पडला नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा शेक एका मिनिटात गार झालेला असतो.

हेच तत्त्व घेऊन यंत्रे आली. २०११ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेले 'लिपिफ्लो' हे यंत्र पापणीला आतून सुमारे ४२.५ अंश उष्णता देते आणि बाहेरून हलका दाब देते. एक बैठक १२ मिनिटांची असते. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत असे वेगवेगळे उपचार मिळतात आणि ते महाग आहेत. काही रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण यंत्रही तेच करते जे सुश्रुताच्या क्रमात होते : आधी उष्णता, मग दाब. घरचा उपाय नीट न करता थेट यंत्राकडे जाण्याची घाई करू नका.

उशीर का करू नये

मालिशाने डोळ्यांना थोडे बरे वाटते, एवढ्यापुरतीच ही गोष्ट नाही. ग्रंथी दीर्घकाळ तुंबून राहिली की ती हळूहळू आक्रसते. पूर्ण आक्रसलेली ग्रंथी साधारणपणे परत तयार होत नाही. शेक जिवंत ग्रंथीला मोकळे करतो, संपलेल्या ग्रंथीला परत आणत नाही.

आणि आज ग्रंथींवर ताण वाढला आहे. १९९३ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात लोक निवांत असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होते, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर फक्त ७ वेळा. प्रत्येक उघडझाप म्हणजे ग्रंथीला मिळणारी नैसर्गिक मालिशच. ती एक तृतीयांशावर आली की तेल आतच साठते. तेव्हा मोबाइल खिशात नव्हता हे लक्षात घ्या.

घरी कसे करावे

१. हात स्वच्छ धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा.

२. स्वच्छ नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. गरम वाटले पाहिजे, पण चटका बसता कामा नये.

३. डोळे मिटून दोन्ही पापण्यांवर ठेवा. दर दोन मिनिटांनी पुन्हा बुडवा. असे पाच ते दहा मिनिटे करा. डोळ्यांसाठी मिळणारा गरम करायचा मास्क वापरलात तरी चालेल, त्यावरच्या सूचना पाळा.

४. लगेच मालिश करा. डोळा मिटलेलाच ठेवा. बोटाच्या टोकाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेने, हलकेच सारा. प्रत्येक पापणीवर आठ-दहा वेळा पुरे. दाब पापणीवर द्यायचा, बुब्बुळावर नाही.

५. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने केसांच्या मुळाची कड पुसून घ्या.

दिवसातून दोनदा, निदान चार ते सहा आठवडे. नंतर बहुतेकांना दिवसातून एकदा पुरते. शेकानंतर काही मिनिटे अंधुक दिसू शकते, तेवढ्या वेळात गाडी चालवू नका. ड्रॉप चालू असतील तर ते चालूच ठेवा.

हे करू नका

गरम मिठाची किंवा तव्यावर तापवलेली पुरचुंडी थेट डोळ्यावर नको, भाजल्याच्या जखमा होतात. डोळे जोराने चोळू नका. उष्णतेने बुब्बुळावरचा पारदर्शक पडदाही मऊ होतो आणि त्यावर दाब पडला तर त्याचा आकार बिघडू शकतो. डोळ्यांत तूप, मध, गुलाबपाणी घालू नका. डोळे आले असतील तर तुमचा नॅपकिन घरात कोणी वापरू नये. डोळ्यांना मुख्यतः खाज येत असेल तर ते ॲलर्जीचे असू शकते. अशा वेळी शेकाने खाज वाढते, थंड पट्टी बरी.

मोतीबिंदू, काचबिंदू किंवा लेझरचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, केराटोकोनस असेल, किंवा मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

केव्हा दाखवावे

डोळा खूप दुखणे, उजेड सहन न होणे किंवा नजर कमी होणे, यांत शेक करत थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वय जास्त असेल आणि पापणीवर एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले केस गळत असतील, किंवा फक्त एकाच डोळ्याची पापणी महिनोन्महिने लाल राहत असेल, तर त्या गाठीचा तुकडा तपासायला लागू शकतो. तेलग्रंथीचा कर्करोग क्वचित असतो, पण तो साध्या गाठीचे सोंग घेऊन येतो. कोरड्या डोळ्यांबरोबर तोंड कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर श्योग्रेन यांनी वर्णन केलेला आजार आहे का, हे फिजिशियनकडून तपासून घ्या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी या ग्रंथींचे तेल कमी होते.

पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा शेक किती दिवस केला, दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटे, हे कागदावर लिहून न्या. "शेक केला, गुण आला नाही" यापेक्षा त्या तीन आकड्यांवरून तुमच्या डॉक्टरांना पुढचे ठरवणे कितीतरी सोपे जाईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो तुमच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीची आणि सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.)